मशेरीची चव आणि जिभेची फसगत

पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत मशेरी भाजली जात असली, की ते कुणी सांगावे लागत नाही. तव्यावरच्या तंबाखूचा खकाणा चार घरे ओलांडून जातो, पोरे खोकत अंगणात येतात आणि शेजारीण ओटीवरूनच बजावते, "जास्त करपवू नको गो, चिमूटभर मलाही ठेव." पान किती भाजायचे याचे प्रत्येकीचे गणित वेगळे. कुणाला तपकिरी हवी, कुणाला पार काळी. तपकिरी कडक लागते, काळी हिरड्यांना सोसते आणि खमंग लागते, असे बायका सांगतात. भाजलेले पान चुरून, चाळून डबीत भरले की महिन्याची सोय होते. सकाळी चुलीला जाळ घालण्याआधी पहिले बोट त्या डबीत जाते.

घाटावर हिला मिश्री म्हणतात, महाड-पोलादपूरकडे मशेरी. नाव कोणतेही असो, वस्तू एकच आहे : भाजलेली तंबाखू. ती निवडताना बायका जी पारख करतात, ती जगातल्या महागड्या तंबाखूच्या शौकिनांपेक्षा फार वेगळी नसते. सिगारचा एक प्रकार 'मदुरो' या नावाने ओळखला जातो. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'पिकलेला'. या सिगारचे वरचे पान जास्त दिवस आणि जास्त उष्णतेत आंबवले जाते. त्यामुळे ते गडद, जवळजवळ काळपट होते. शौकीन ती सिगार न पेटवता हुंगतात, मग झुरका घेऊन कॉफी, कोको, मिरी अशा चवी मोजतात, राख किती वेळ टिकते ते पाहतात आणि गुण देतात. कमी किमतीची असूनही घशाला न लागणारी सिगार मिळाली, की तिचे विशेष कौतुक होते. पोलादपूरच्या ओटीवरचा निकाल आणि या शौकिनांचा निकाल एकाच पट्टीने लागतो : रंग गडद, वास खमंग, चव सौम्य आणि खिशाला परवडणारी, म्हणजे तंबाखू चांगली.

ही पट्टीच चुकीची आहे. चवीवरून भाकरीची पारख होते, तांदळाची होते, कैरीची होते. तंबाखूची होत नाही. कारण तंबाखूतले जे घातक आहे ते जिभेला कळत नाही, आणि जे जिभेला कळते तेच भाजून, आंबवून काढून टाकलेले असते.

राखणदाराला झोपवणे

तंबाखूचे झाड निकोटिन बनवते ते किडींपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारी यंत्रणा असते आणि वनस्पतींमधली अनेक विषे कडूच लागतात. कडू लागले की थुंकावे, ही शरीराची जुनी शिकवण आहे. म्हणून कच्च्या तंबाखूची चिमूट पहिल्यांदा तोंडात ठेवणाऱ्याला चुरचुरते, घेरी येते, मळमळते, लाळ सुटते. शरीर सरळ नकार देत असते. तो राखणदाराचा आवाज असतो.

पान भाजले किंवा दीर्घकाळ आंबवले की हा आवाज दबतो. उष्णतेने पानातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी संयोग पावतात आणि तपकिरी रंगाची, खमंग वासाची नवी द्रव्ये तयार होतात. भाकरीला पडणारे तपकिरी डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफीच्या बिया या सर्वांचा वास याच प्रक्रियेतून येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच वैज्ञानिकाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. काळी मशेरी 'भाजक्या दाण्यासारखी' लागते आणि मदुरो सिगारमध्ये कॉफी 'सापडते' याचे कारण हे आहे. तिथे ना दाणे असतात ना कॉफी. ओळखीचा, घरगुती, खाण्याचा वास येत असल्यामुळे मेंदू ती वस्तू खाण्याच्या रांगेत बसवतो, इतकेच.

या खमंग पडद्यामागे दोन गोष्टी घडलेल्या असतात. तंबाखू वाळवताना आणि आंबवताना तिच्यातल्या सूक्ष्म जिवाणूंमुळे नायट्रेटचे नायट्राइट होते, त्याचा निकोटिन आणि त्याच्या भाऊबंदांशी संयोग होतो आणि नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांतली काही माणसात कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध झालेली आहेत. दुसरी गोष्ट तव्यावर घडते. पान करपते तेव्हा अर्धवट जळण्यातून बेंझोपायरीनसारखी द्रव्ये जन्माला येतात. डांबरात आणि सिगारेटच्या धुरात असणारी हीच ती. म्हणजे 'आम्ही ओढत नाही, फक्त लावतो' असे म्हणणाऱ्या बाईच्या हिरडीवर न ओढलेल्या धुराचा वाटा येतोच. मुंबईच्या वैज्ञानिकांनी १९८० च्या दशकात तपकिरी आणि काळी अशा दोन्ही मशेरींचे अर्क तपासले. ओटीवर 'कडक' आणि 'मऊ' असा जो भेद केला जातो, त्याने प्रयोगशाळेत सुटका झाली नाही. दोन्ही अर्क पेशींच्या जनुकांत बिघाड करणारे ठरले.

नायट्रोसामाइनला त्या प्रमाणात चव नसते. बेंझोपायरीनलाही नसते. जिभेला जे कळत नाही त्याची पारख जिभेने कशी करायची?

थुंकले तरी आत जाते

मशेरी लावणाऱ्या बहुतेक बायकांचे एक ठाम म्हणणे असते : आम्ही गिळत नाही, थुंकून टाकतो. सिगार ओढणाऱ्यांचेही असेच असते : आम्ही धूर छातीत घेत नाही, तोंडातच खेळवतो. दोघांचाही समज असा की दार ओलांडले नाही तर घरात शिरलो नाही.

पण तोंडाचे आतले अस्तर हेच दार आहे. छातीत दुखू लागल्यावर हृदयरुग्ण जिभेखाली गोळी ठेवतो, ती गिळत नाही, तरीही काही मिनिटांत तिचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचतो. कारण जिभेखालच्या आणि गालाच्या आतल्या पातळ अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. निकोटिन याच वाटेने जाते. वातावरण अल्कधर्मी असले की ते अधिक सहज जाते. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक अल्कधर्मी असतो, म्हणून तो छातीत न ओढताही निकोटिन रक्तात मिसळते. तंबाखूला चुना लावून मळण्यामागचे रसायनही तेच. मशेरीची पूड पाच-दहा मिनिटे हिरडीवर चोळली, गालात धरली, की थुंकण्याआधीच काम झालेले असते. दिवसातून चार-पाचदा हे होते. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, दुपारी शेतावरून आल्यावर, झोपण्यापूर्वी.

मग 'मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे कसे? ते खरेच असते. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते आणि वर्षानुवर्षे त्या धक्क्याची सवय झालेले आतडे त्याची वाट पाहते. 'मशेरीने दाताचा ठणका थांबतो' हेही थोड्या वेळापुरते खरे असते. ठणका बोथट होतो, कीड तशीच आत उतरत राहते, हिरड्या मागे सरतात आणि दात हलू लागतात. मग हलणारे दात 'घट्ट करायला' आणखी मशेरी लावली जाते. औषध म्हणून घेतलेली वस्तू आजार टिकवून ठेवते, आणि आजार टिकला म्हणून तिची गरजही टिकते.

पांढरा चट्टा आणि १०५ ग्रॅम

तोंडाच्या कर्करोगाची वाट बहुधा एका चट्ट्यातून जाते. जिथे पूड नेहमी टेकते तिथे, म्हणजे खालच्या हिरडीपाशी, ओठाच्या आत किंवा गालात, पांढरट खरखरीत चट्टा येतो. तो दुखत नाही, म्हणून दाखवला जात नाही. तो लाल होऊ लागला, कडक झाला किंवा त्यावर जखम झाली, तर धोका वाढलेला असतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन १ लाख १ हजार ७६१ माणसांची तोंडे तपासली होती. तंबाखू आणि हे चट्टे यांचे नाते महाराष्ट्राच्या खेड्यांतच, पन्नास वर्षांपूर्वी स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरेशा पुराव्याने सिद्ध झालेल्या गटात ठेवले आहे.

कर्करोग पन्नाशीत गाठतो. मशेरीचा एक तडाखा त्याच्या कितीतरी आधी, गर्भात बसतो. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि डॉ. श्रीविद्या यांनी १,२१७ गर्भवती स्त्रियांचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेतला आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखू वापरणाऱ्या या स्त्रियांपैकी बहुतेक मशेरीच लावत होत्या. इतर कारणांचा हिशेब वजा केल्यावरही त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झाले. ३२ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याची शक्यता तर जवळपास पाच पटीने अधिक आढळली. त्याच संशोधनातून पुढे २००६ मध्ये, मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटीहून अधिक असल्याचेही समोर आले.

१०५ ग्रॅम हा आकडा शहरात वाचायला लहान वाटेल. सह्याद्रीच्या उतारावरच्या वाडीत तसा तो नाही. तिथली अनेक गर्भवती आधीच रक्तक्षयाने फिकी असते, तिचे स्वतःचे वजन बेताचे असते आणि निकोटिन तिची भूकही मारते. सव्वादोन किलोचे बाळ आणि दोन किलोचे बाळ यांत अंतर थोडे असते, पण दुसऱ्याला ऊब, दूध आणि श्वास सांभाळणारी व्यवस्था लागते. भर पावसात, घाटात दरड आलेली असताना, बत्तीस आठवड्यांच्या बाळाला घेऊन खाली पोलादपूर किंवा महाड गाठायचे आणि तिथून पुढे अलिबाग किंवा मुंबईची वाट धरायची, म्हणजे काय असते ते या भागातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. तोंडाच्या कर्करोगाचे तेच. परळचे टाटा रुग्णालय महाडपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर आहे. रोजावर जाणाऱ्या घरातून एक माणूस आजारी आणि एक सोबतीला असे आठवड्यांमागून आठवडे मुंबईत राहिले, की घराचा कणा मोडतो. स्वस्त मशेरीचा हिशेब तिथे पुरा होतो.

कायद्याच्या फटीतली डबी

तंबाखूविरुद्ध कायदे कमी नाहीत. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापला जातो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला मनाई केली, कारण सुट्या नगासोबत पाकिटावरचा इशारा जात नाही.

मशेरी या प्रत्येक जाळ्यातून निसटते. कंपनीने दंतमंजनात तंबाखू घातली तर गुन्हा, घरच्या तव्यावर तेच मंजन तयार केले तर तो घरचा रिवाज. बाजारातून येते ते सुटे पान, कागदाच्या पुडीत. त्यावर चित्र नाही, इशारा नाही, तंबाखू सोडण्यासाठी मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा क्रमांकही नाही. सुटी सिगारेट चालत नसेल, तर सुटे पान का चालावे, हा प्रश्न विचारायला हवा.

दुसरी फट आरोग्य व्यवस्थेच्या वहीत आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत. स्त्रियांमध्ये तर फरक आणखी मोठा आहे : ओढणाऱ्या १.४ टक्के, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. तरीही आपल्या फलकांवर सिगारेट असते आणि तिच्याभोवती लाल वर्तुळ. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, पण उदाहरणादाखल नावे येतात ती गुटखा आणि खैनीची. पोलादपूरच्या बाईला 'तंबाखू खाता का?' विचारले, तर ती मनापासून 'नाही' म्हणते. ती खोटे बोलत नसते. ती तंबाखू खात नाही, ती मशेरी लावते. तिच्या लेखी ते दात घासणे आहे. प्रश्न चुकला की उत्तर चुकते आणि वहीत 'व्यसन नाही' अशी नोंद होते.

म्हणून पहिली सुधारणा फुकटातली आहे. गर्भवतीच्या पहिल्या तपासणीला, हिमोग्लोबिन आणि रक्तदाबासोबत, 'मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?' असे नाव घेऊन विचारले जावे आणि उत्तर तिच्या कार्डावर लिहिले जावे. बालसंगोपनाच्या आणि लसीकरणाच्या दिवशीही ते विचारता येईल, कारण लेकीला पहिली चिमूट बहुधा आई किंवा आजीच्या डबीतूनच मिळते. दुसरी सुधारणा म्हणजे तोंडात पाहणे. ग्रामीण रुग्णालयात कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या मशेरीवाल्या बाईचे तोंड टॉर्च लावून पाहायला दोन मिनिटे लागतात. तिसरी सुधारणा : सुट्या तंबाखूची विक्री इशारा आणि हेल्पलाइन क्रमांक छापलेल्या पुडीतूनच व्हावी.

सोडायची कशी

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यावा असा आहे. पहाटे उठून पाणी, लाकूडफाटा, शेत, गुरे आणि घर ओढणाऱ्या बाईच्या आयुष्यात निवांत पाच मिनिटे ती मशेरीची. दुपारी चार जणी ओटीवर बसतात त्या डबीच्या निमित्ताने. तेही काढून घ्यायचे का? पुरुषांच्या बिडीकडे आणि दारूकडे काणाडोळा करून बायकांच्या डबीवर डोळे वटारणे अन्यायाचेच आहे. पण ती पाच मिनिटे तिची आहेत, मशेरीची नाहीत. उलट तलफ आली की काम टाकून उठावे लागते, डबी विसरली की डोके दुखते, चिडचिड होते. हा विरंगुळा राहत नाही, ती चाकरी होते. 'आमची आजी नव्वदीपर्यंत लावत होती' असेही सांगितले जाते. पुरातून वाहून न गेलेले घर दाखवून पूर आलाच नव्हता असे म्हणता येत नाही, हे महाडकरांइतके कुणाला ठाऊक असणार?

सोडणे शक्य आहे. तलफ पहिले तीन-चार दिवस सर्वात तीव्र असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. प्रत्येक झटका काही मिनिटांत जातो. त्या वेळेपुरते बडीशेप, लवंग, ओवा तोंडात टाकावा, पाणी प्यावे, हात कामात गुंतवावेत. सुपारी मात्र नको, कारण तीही कर्करोगकारकच आहे. पोट साफ होत नाही ही तक्रार काही दिवस येणारच. सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, नाचणीची भाकरी यांनी ती आटोक्यात येते, नाहीतर डॉक्टरांकडे साधी औषधे असतात. दात ठणकत असतील तर आधी दाताचा उपचार करून घ्यावा, कारण ठणका राहिला तर डबी परत येते. ब्रश आणि साधी टूथपेस्ट घरात प्रत्येकासाठी वेगळी हवी. निकोटिनचे च्युइंगम काहींना उपयोगी पडते, पण गर्भवतीने ते स्वतःहून घेऊ नये. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. एकटीने सोडण्यापेक्षा ओटीवरच्या चौघींनी एकाच दिवशी डब्या बंद करणे अधिक टिकते. बाजारहाट बहुधा पुरुष करतात, तेव्हा यादीतली तंबाखूची पुडी त्यांनी न आणणे हाही उपचाराचाच भाग आहे.

आणि जी सोडत नाही तिने, आणि जिने सोडली तिनेही, महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड पाहावे. ओठ उलटून, गाल बाजूला ओढून, जीभ वर करून. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, तिखट लागून होणारी आग, तीन बोटे उभी न मावण्याइतके तोंड आखडणे, यातले काहीही दिसले तर दुखण्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे. या टप्प्यावर चट्टा बरा होऊ शकतो आणि कर्करोग असला तरी लहान शस्त्रक्रियेत निभावण्याची शक्यता मोठी असते.

तंबाखूची पारख करायचीच असेल तर ती इथे करावी, आरशासमोर. मशेरी तपकिरी होती की काळी, कडक होती की मऊ, खमंग होती की करपट, याने त्या चट्ट्याला काही फरक पडत नाही.